झाड आपल्या आवारातलं, तरी करवत लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कोथरूडला एक जुनी, छोटी सोसायटी. कंपाउंडच्या भिंतीलगत तीसेक वर्षांचा गुलमोहर. तो पार्किंगच्या बाजूला झुकलाय, भिंतीला तडा गेलाय, पलीकडचे बंगलेवाले सारखी कटकट करतात आणि गेल्या पावसाळ्यात एक जाड फांदी गाडीवर पडली. सेक्रेटरींचं म्हणणं असं की जागा आपली, झाड आपणच लावलेलं, रविवारी माणूस बोलावू आणि दुपारपर्यंत मोकळं करू. महापालिकेच्या नादी लागलो तर वर्ष जाईल. विचारणारे कमिटीत नवीन आहेत. त्यांना एवढंच कळायला हवंय की परवानगी खरंच लागते का, आणि लागत असेल तर ती मिळवायची कशी.

लागते. रविवारच्या माणसाला नाही म्हणून कळवा, मग पुढचं वाचा.

माझा व्यवसाय हाच आहे. सोसायट्या आणि बंगलेवाले यांना झाडांबद्दल सल्ला द्यायचा, अर्ज लिहून द्यायचे, पाहणीच्या दिवशी साहेबांबरोबर उभं राहायचं आणि परवानगी आल्यावर झाड उतरवणाऱ्या टोळीवर लक्ष ठेवायचं. या अनुभवावरून सांगतो, तुमचा प्रश्न 'तोडू का नको' असा दिसतो, पण तो तसा नाही. या झाडात नेमका काय दोष आहे आणि तो तुम्ही कागदावर दाखवू शकता का, हा खरा प्रश्न आहे. ते दाखवता आलं तर परवानगी मिळणं तुमच्या सेक्रेटरींना वाटतं तितकं अवघड नाही. नाही दाखवता आलं, तर बहुधा झाड तोडायची गरजच नसते, छाटणीवर भागतं.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. महाराष्ट्रातल्या शहरांना लागू होतो तो महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यात झाड कुणी लावलं आणि जमीन कुणाची हा मुद्दाच नाही. महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीतलं झाड, मग ते रस्त्यावरचं असो की तुमच्या तुळशीवृंदावनाशेजारचं, तोडायला वृक्ष प्राधिकरणाची, म्हणजे झाडांच्या अर्जांवर निर्णय घेणाऱ्या पालिकेच्या समितीची, परवानगी लागते. 'तोडणे' या शब्दाची व्याख्याही लांब पोचते. नुसतं कापणं नाही, जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. हे मुद्दाम सांगतो, कारण दर दोन सोसायट्यांमागे एक काका असे भेटतात ज्यांना 'शांतपणे' झाड घालवायचा उपाय माहीत असतो. खोडाला भोक पाडून हिंग भरा, मोरचूद घाला, बुंध्याची साल गोल सोलून काढा, ॲसिड ओता. हिंगाने झाड मरतं की नाही हा वाद बाजूला ठेवा. साल सोलली की नक्की मरतं, पण ते उभ्या उभ्या सुकतं, आतून ठिसूळ होतं आणि कुठल्या वाऱ्याला कुठे पडेल याचा भरवसा राहत नाही. म्हणजे गुन्हा झाला तो झालाच, वर धोका वाढवून ठेवला. बुंध्यावरची सोललेली पट्टी पाहणीला आलेल्या माणसाला लांबूनच ओळखू येते.

कलम २१ प्रमाणे विनापरवाना वृक्षतोडीला दंडाबरोबर कैदही सांगितलेली आहे, एक आठवड्यापासून एक वर्षापर्यंत. शिवाय प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा धरतात. व्यवहारात गुन्हा कुणावर नोंदवला जातो? पदाधिकाऱ्यांवर आणि तोडणाऱ्या ठेकेदारावर. सेक्रेटरींना एवढं एक वाक्य सांगितलं तरी बऱ्याचदा रविवार रद्द होतो. आणि आता हे लपत नाही. करवतीचा आवाज सुरू झाला की समोरच्या इमारतीतून चित्रीकरण सुरू होतं, आणि कर्मचारी येईपर्यंत ठेकेदाराची माणसं दोर तिथेच टाकून निघून गेलेली असतात.

आता कोणत्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत ते. तुम्ही पुणे महापालिकेत आहात, म्हणून वरचा कायदा. तुमच्यासारखाच प्रश्न कुणाला मुळशीतल्या गावठाणाबाहेरच्या प्लॉटवर पडला असेल तर तिथे १९६४चा झाडे तोडण्याबाबतचा वेगळा कायदा येतो. त्यात ठरावीक जातींची यादी आहे: साग, खैर, चंदन, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, ऐन, किंजळ, अंजन, हळदू, तिवस, बिवला आणि खारफुटी. यातलं झाड असेल तर वन किंवा महसूल खात्याकडे जावं लागतं. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असाल तर बोर्डाकडे. गोव्यात १९८४चा स्वतंत्र कायदा आहे आणि तिथे अर्ज वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो. तिथे २०१६ मध्ये नारळाला 'झाड' या व्याख्येतून वगळलं होतं. एवढा गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी तो परत आत आला आणि वर राज्यवृक्षही झाला. आपल्याकडे मात्र अजूनही पुष्कळांना वाटतं की नारळ काही झाड नव्हे, त्याला कसली परवानगी. लागते.

म्हणजे पहिलं काम, हद्द कुणाची हे नक्की करा. नव्याने महापालिकेत आलेल्या गावांमध्ये लोक अजून ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन फिरताना दिसतात आणि त्यात महिना जातो.

आता झाडाकडे येऊ, कारण सगळं तिथे ठरतं.

झुकलेलं झाड म्हणजे पडणारं झाड नव्हे. इमारतीच्या सावलीत वाढलेलं झाड उन्हाच्या दिशेने कलतंच. अशा झाडाचं खोड खाली वाकडं असतं, पण वर जाता जाता पुन्हा सरळ उभं राहू पाहतं. शेंडा आकाशाकडे असतो. हा जन्मभराचा कल आहे, झाडाने त्यासाठी मुळं त्या हिशेबानेच धरलेली असतात. भीती बाळगायची ती नव्या कलाची. खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सरळच आहे पण अख्खं एका बाजूला गेलंय, आणि ज्या बाजूला कललं त्याच्या उलट बाजूला जमिनीत चंद्रकोरीसारखी भेग पडलीय किंवा माती फुगून वर आलीय, असं दिसलं तर मुळं सुटायला लागली आहेत. तिथे पाय ठेवून पाहा. पाऊस पडून गेल्यावर त्या जागची माती पोकळ लागते, आणि वारा असताना नीट पाहिलं तर बुंध्याजवळची जमीन किंचित खालीवर होताना दिसते. हे दिसलं तर ही चर्चा वाचत बसू नका, खाली तातडीचं लिहिलंय तिकडे जा.

शंका असेल तर गवंड्याकडचा ओळंबा आणा. खोडावर खांद्याच्या उंचीला एक खिळा नको, चुन्याची खूण करा, तिथे ओळंब्याचा दोर धरा आणि खाली तो बुंध्यापासून किती अंतरावर येतो ते मोजून तारखेसह लिहून ठेवा. महिन्याने परत मोजा. आकडा बदलला तर झाड हलतंय. हे मोजमाप फोटोसकट अर्जाला जोडलं की पाहणीला येणारा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो, कारण त्याला रोज येणारे शंभरातले नव्वद अर्ज 'झाड धोकादायक आहे, तरी काढावे ही विनंती' इतकेच असतात.

मग बुंधा. गुलमोहर मुळात मादागास्करचा. वाढतो झपाट्याने, लाकूड कच्चं, मुळं उथळ आणि पसरट. वळवाच्या पहिल्या वादळात पुण्यात जी झाडं पडतात त्यात गुलमोहर हमखास असतो. बुंध्याशी, मातीला लागून, फळीसारखी कडक अळंबी उगवलीय का पाहा. ती बाहेर आली म्हणजे आतलं लाकूड बरंच कुजलेलं असतं. खोडावर छिद्रं आणि खाली भुसा म्हणजे भिरूड, खोड पोखरणारी कीड. लाकडी मोगरीने खोडावर चारी बाजूंनी ठोकत जा. भरीव ठिकाणी आवाज बसका, घट्ट येतो आणि पोकळीवर आला की बदलतो. जुनी फांदी जिथून ओबडधोबड तोडली होती तिथे पाणी साठून खाली कूज उतरलेली असते. गाडीवर पडलेली फांदी जिथून मोडली ती जागा खालून दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या झूमने बघा. मोडलेलं लाकूड पांढरट, ताजं असेल तर वाऱ्याचा दोष. काळपट, भुसभुशीत असेल तर ती फांदी आधीच मेलेली होती, आणि दुसऱ्याही असतील.

तुम्ही लिहिलेल्यापैकी एक तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, तो तुम्ही जाता जाता सांगितलाय: दोन वर्षांपूर्वी पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवले. त्या वेळी ड्रेनेजची लाइनही टाकली असेल तर चर कुठून खणला ते शोधा. पुण्यामुंबईत झुकलेल्या सोसायटीच्या झाडांमागे मला बहुतेकदा हेच कारण सापडतं. खोडापासून तीनचार फुटांवर चर खणला, मनगटाएवढी मुळं सटासट कापली, वर ब्लॉक बसवून सगळं चकाचक केलं. झाडाची एका बाजूची पकड गेली. शिवाय ब्लॉक पार खोडाला भिडवलेले, त्यामुळे मुळांना ना पाणी ना हवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं, ते उगाच नाही. तुमच्या झाडाची मुळं कापली गेली असतील तर ते अर्जात लिहा. लपवू नका. कारण धोक्याचं ते सगळ्यात ठोस कारण आहे. मुळं शाबूत असतील तर ब्लॉक मागे सरकवा, माती मोकळी करा, एक पावसाळा जाऊ द्या.

भिंतीचा तडा हे तोडायचं कारण म्हणून सहसा चालत नाही, आणि चालू नये असं माझंही मत आहे. कंपाउंडची भिंत ही फुटभर पायाची गोष्ट. मुळावर तेवढ्या भागात पाया न घेता दोन बाजूंना छोटे खांब आणि वरून बीम घेतला की मूळ खालून जातं आणि भिंत वर उभी राहते. गवंड्याचं दोनतीन दिवसांचं काम. ते मूळ कापून भिंत सरळ करायचा सल्ला ठेकेदार देईल. भिंतीजवळचं जाड मूळ कापलं तर पार्किंगकडे झुकलेल्या झाडाला मागून धरून ठेवणारा दोरच तुम्ही कापला असं होईल.

म्हणजे तुमच्यापुढे दोन वेगळे अर्ज आहेत. झाड हलत नसेल, बुंधा भरीव असेल आणि अडचण फक्त पार्किंगवरच्या सुक्या, जड फांद्यांची असेल तर छाटणीचा अर्ज करा. तोही लागतो, पण तो लवकर निघतो आणि त्याला विरोध जवळजवळ होत नाही. छाटणी म्हणजे शेंडा उडवणं नव्हे हे मात्र टोळीला बजावून सांगा. गुलमोहराला वरून बोडका केला की वर्षभरात त्या खुंटांवरून पिचकारीसारखे धुमारे फुटतात, ते वरवरच्या सालीला धरून असतात आणि दोनतीन पावसाळ्यांनी तेच पडायला लागतात. जड फांदी कापताना आधी खालून थोडी चीर, मग थोडं पुढे वरून काप, आणि उरलेला खुंट खोडाशी असलेल्या फुगीर वळ्याच्या बाहेरून. खालची चीर न घेता वरूनच कापली तर फांदी जाताना खोडाची साल हातभर सोलून नेते, आणि दहा वर्षांनी कूज तिथूनच शिरलेली असते.

मुळं सुटलेली असतील किंवा बुंधा पोकळ असेल तर मात्र तोडायचाच अर्ज करा, आडपडदा नको.

अर्जात काय लिहायचं? लोक लिहितात: पानांचा कचरा होतो, गटार तुंबतं, गाड्यांवर चिकट पडतं, अंधार होतो, डास होतात, शेजाऱ्यांची तक्रार आहे. ही तुमची गैरसोय झाली; खरी असेल, पण तिच्यावर कुणी झाड तोडायला देत नाही आणि वाचणाऱ्याला पहिल्या दोन ओळीत कळतं की तुम्हाला पार्किंगची जागा हवी आहे. कायद्यात वेगळे शब्द आहेत: झाड मेलेलं, रोगट, वाऱ्याने पडलेलं, जीविताला किंवा मालमत्तेला धोकादायक, रहदारीला अडथळा. असं असेल तर परवानगी नाकारायची नाही असंच तिथे अपेक्षित आहे. तुमचा अर्ज त्या शब्दांना जाऊन मिळाला पाहिजे. म्हणजे साधारण असा: 'गुलमोहर, बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर इतके सेंटिमीटर, पार्किंगच्या दिशेने कल, भिंतीकडील बाजूस जमिनीला सुमारे इतक्या फुटांची भेग, बुंध्याशी अळंबी, अमुक तारखेला फांदी मोडून वाहनाचे नुकसान, सोबत फोटो व ओळंब्याची मोजमापे. झाडाखाली इतक्या वाहनांची जागा व मुलांच्या येण्याजाण्याचा रस्ता.' बस्. कचऱ्याचं एक अक्षर नको.

सोबत कमिटीचा ठराव, मालकीचा कागद, झाडांच्या जागा दाखवणारा साधा हाताने काढलेला नकाशा, चारी बाजूंचे फोटो. झाडावर वृक्षगणनेचा नंबर रंगवलेला किंवा ठोकलेला असेल तर तोही. जुन्या सोसायट्यांमध्ये एक ठेच हमखास लागते: कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नसतं आणि प्रॉपर्टी कार्डावर अजून बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं नाव असतं. तेव्हा कागद आधी काढून बघा, नाहीतर अर्ज महिनाभर त्रुटीत पडून राहील. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या किंवा ऑनलाइन भरा, पण आवक क्रमांक आणि तारीख हातात आल्याशिवाय अर्ज दिला असं समजू नका. पुढचं सगळं त्या तारखेपासून मोजलं जातं.

पाहणीला उद्यान विभागाचा माणूस येतो. त्या वेळी कमिटीतला एकच जण बोलू द्या, आणि तो असा की ज्याने झाड नीट बघितलंय. मी पाहिलंय, सहा जण गोळा होतात, एक कचऱ्याबद्दल बोलतो, दुसरा म्हणतो माझी गाडी इथे लागेल, तिसऱ्या काकू म्हणतात झाड कापू नका, आणि साहेब शेरा मारून जातात की रहिवाशांत एकमत नाही. भेग दाखवा, अळंबी दाखवा, मोगरीने ठोकून आवाज ऐकवा. काकूंना आधीच वर बोलावून चहा पाजून विषय समजावून सांगा. मत पटलं नाही तर त्यांना हरकत घेण्याचा अधिकार आहेच.

कारण पुढची पायरी तीच आहे. तोडीच्या अर्जावर वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते आणि झाडावर नोटीस चिकटवतात. हरकतींसाठी साधारण आठवडाभर देतात. आजूबाजूचे पर्यावरणप्रेमी येतील, प्रश्न विचारतील. चिडू नका. झाड खरंच धोकादायक असेल तर तुमचे फोटो बघून त्यातले बरेच जण गप्प होतात, काही जण तर पुनर्रोपण करता येईल का ते बघायला येतात. कच्च्या लाकडाच्या, पोकळ बुंध्याच्या तिशीतल्या गुलमोहराचं पुनर्रोपण करण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. झाड क्रेनने उचलतानाच अर्धं मोडतं.

वेळ किती लागेल? कायद्यात प्राधिकरणाने साठ दिवसांत निर्णय कळवावा असं आहे, आणि न कळवल्यास परवानगी मिळाल्याचं मानावं अशीही तरतूद आहे. ही दुसरी अर्धी ओळ हुशार लोक लगेच पकडतात. माझा सल्ला, एकसष्टाव्या दिवशी करवत घेऊन उभे राहू नका. त्याऐवजी त्या तरतुदीचा हवाला देऊन लेखी स्मरणपत्र द्या आणि त्याची पोच घ्या. फाइल हलायला ते पुरतं. परवानगी आल्यावरही पत्रातल्या अटी वाचा. हरकती आलेल्या असोत वा नसोत, परवानगीनंतर पंधरा दिवस थांबावं लागतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पावसाळ्याची भीती असेल तर अर्ज दिवाळीनंतर करा, मे महिन्यात नव्हे. मे महिन्यात अख्ख्या शहराला आपलं झाड धोकादायक वाटायला लागतं.

आता एक गोष्ट जी सेक्रेटरींना आधीच कळलेली बरी. २०२१च्या दुरुस्तीनंतर भरपाईची झाडं तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी लावायची आहेत. तीस वर्षांचा गुलमोहर, तर तीस रोपं. रोपं म्हणजे नर्सरीतली वीतभर पिशवी नव्हे. चांगली सहाआठ फूट उंचीची, आणि सात वर्षं जगवून दाखवायची. पन्नास वर्षांच्या वरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात, त्याचे नियम आणखी कडक. सोसायटीच्या आवारात तीस झाडांना जागा नसते हे उघड आहे, मग दुसरीकडे लावण्याची किंवा पैसे भरण्याची सोय बघावी लागते, वर अनामत रक्कम ठेवावी लागते ती वेगळी. धोकादायक म्हणून काढलेल्या झाडाला ही अट किती ताणून लावतात ते ठिकाणावर आणि पाहणीच्या शेऱ्यावर ठरतं. पण बजेट सभेत मांडताना हा खर्च धरा. अनेक सोसायट्या या आकड्यापाशी येऊन छाटणीवर समाधान मानतात, आणि खरं सांगायचं तर बरेचदा तेच योग्य असतं.

तातडीचं. झाड आज हलतंय, भेग रुंदावतेय, पाऊस सुरू आहे. अशा वेळी आधी झाडाखालच्या गाड्या आणि माणसं हलवा, दोरी बांधून जागा बंद करा. अग्निशमन दलाला १०१ वर फोन, त्याच वेळी उद्यान विभागाला. तारा जवळून जात असतील तर महावितरणला. फोन केल्याची वेळ लिहून ठेवा, फोटो आणि व्हिडिओ काढा, भेगेच्या शेजारी मोजपट्टी धरून. तोडताना अधिकारी हजर असेल तर उत्तम, नसेल तर त्यांच्या सूचनेनेच आणि धोका टळेल एवढंच कापा. लगेच लेखी कळवा. धोकादायक फांदी उतरवण्याच्या नावाखाली शेजारचं निरोगी झाडही उरकून घेतलेलं मी पाहिलंय, आणि तिथे पंचनाम्यात ते बरोबर पकडलं गेलं.

कागद का जपायचा त्याचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०१७च्या जुलैमध्ये चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्या गेल्या. ते झाड काढायची मागणी रहिवाशांनी आधी केली होती, परवानगी मिळाली नव्हती. नारळाचं असंच असतं. सोंड्या भुंगा आतून पोखरतो आणि बाहेरून झाड हिरवंगार दिसतं. एकदा नकार आला म्हणून विषय संपला असं मानू नका. नवी लक्षणं दिसली की नवे फोटो लावून पुन्हा अर्ज करा, प्रत्येक वेळी आवक क्रमांक घ्या. उद्या काही झालंच तर सोसायटीने काय केलं याचं उत्तर त्या पोचपावत्या देतात.

शेजाऱ्यांच्या बाजूनेही हे लागू आहे. बंगलेवाल्यांना झाडाची खरंच भीती वाटत असेल तर त्यांनाही मार्ग आहे. पडायला आलेल्या झाडाबाबत कार्यकारी दंडाधिकारी मालकाला आदेश देऊ शकतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली. ते तिथे गेले तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. म्हणून त्यांच्याशी भांडण्यापेक्षा त्यांचं तक्रारपत्र लेखी मागा आणि तुमच्याच अर्जाला जोडा. कटकट करणारा शेजारी तुमचा साक्षीदार होतो.

परवानगी आली असं धरून शेवटचं. 'लाकूड आम्ही नेतो, झाड फुकट उतरवून देतो' असं म्हणणाऱ्याला देऊ नका. त्याला बुंधा हवा असतो. फांद्या, पाला, खोड उपटल्यावरचा खड्डा आणि फुटलेले ब्लॉक तुमच्याकडे राहतात. पैसे देऊन, कामगारांचा विमा असलेली, दोर आणि हार्नेस वापरणारी टोळी बोलवा. फांदी दोराने बांधून उतरवायची, खाली सोडायची नाही. आदल्या दिवशी नोटीस लावून पार्किंग रिकामं करा, तरी एक गाडी राहतेच. तिच्या मालकाचा नंबर वॉचमनकडे असू द्या. वर घरटी आहेत का ते सकाळीच पाहा. अंडी किंवा पिल्लं असतील तर काम पुढे ढकला, घरटी उद्ध्वस्त केली तर वन्यजीव कायद्याचं वेगळं लचांड मागे लागतं. परवानगीपत्राची झेरॉक्स गेटवर चिकटवा आणि एक मुकादमाच्या खिशात. लाकूड बाहेर नेताना रस्त्यात अडवलं तर तीच दाखवायची. चंदन किंवा साग असेल तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडून आधीच घ्या.

आणि भिंतीलगत त्याच खड्ड्यात परत गुलमोहर नको. भिंतीपासून आठदहा फूट आत, दोन्ही बाजूंना मोकळी माती ठेवून, बहावा, ताम्हण किंवा कांचन लावा. आवाक्यात राहतात आणि पार्किंगला पुरेशी सावली देतात. पहिले तीन उन्हाळे टँकरचं का होईना पाणी मिळेल अशा जागी लावा, नाहीतर अनामत परत मागायला जाल तेव्हा पाहणीला येणारा माणूस काठीला बांधलेली काटकी बघून परत जाईल. जुन्या खुंटाला ॲसिड वगैरे काही घालू नका, जमिनीच्या खाली वीतभर कापून वर माती टाका. गुलमोहराचं लाकूड कच्चं असल्याने ते लवकर कुजतं, मात्र नवं रोप त्याला खेटून लावू नका. खालची जमीन बसत जाते आणि रोप कलतं.